‘विनाकारण’ : एका प्रश्नावलीची भाषिक चिकित्सा

१

विद्यापीठीय पत्रिकांतून परीक्षणासाठी सामान्यतः एखादे व्याकरण, एखादा कोश किंवा एखादी साहित्यकृती निवडली जाते. प्रस्तुत लेखात ज्या संहितेचे परीक्षण योजिले आहे ती अवघ्या दहा विधानांची असून एका पृष्ठावर मावते. तीत लेखनगुण असावेत अशी कोणाची अपेक्षा नाही. तथापि गेल्या जवळजवळ चार दशकांत अनेक देशांतील बाळंतिणींनी ती वाचली, किंवा ती त्यांना वाचून दाखविण्यात आली. आणि त्यांना मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावयाचे की घरी, हे पुष्कळदा तिच्या उत्तरांवरून ठरले. भाषेकडून एवढे काम करवून घेणाऱ्या संहितेकडे भाषाशास्त्राने पाहू नये, हे योग्य नव्हे.

ही संहिता म्हणजे ‘एडिंबरो पोस्टनेटल डिप्रेशन स्केल’. कॉक्स, होल्डन आणि सॅगोव्हस्की या तिघा संशोधकांनी ती ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध केली. पुढील विवेचनात तिचा उल्लेख ‘एडिंबरो मापिका’ असा केला आहे. तीत दहा विधाने आहेत. प्रत्येकाखाली चार पर्यायी उत्तरे असून उत्तरास शून्य ते तीन गुण आहेत. म्हणजे एकूण गुण तीस. गेल्या सात दिवसांत आपणास कसे वाटले, एवढेच बाळंतिणीने सांगावयाचे. बारांहून अधिक गुण पडल्यास नैराश्याचा आजार असण्याचा संभव बराच आहे असे समजून तिची रीतसर तपासणी करावी, अशी योजना आहे. मापिका स्वतः निदान करीत नाही. निदानाची गरज कोणाला असावी एवढेच ती दाखविते. पन्नासाहून अधिक भाषांत तिची रूपांतरे झालेली आहेत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. मापिकेच्या दहांपैकी तीन विधानांत एक अट दडलेली आहे. काळजी, भीती, स्वतःस दोष देणे या गोष्टी ‘पुरेसे कारण नसताना’ घडल्या काय, असे तेथे विचारलेले आहे. ज्या स्त्रीजवळ सांगण्यासारखे कारण आहे, तिने या विधानांस प्रामाणिकपणे नकार दिला की तिचे गुण कमी होतात आणि ती निरोगी ठरते. आपल्याकडील बाळंतिणींजवळ असे कारण बहुधा असते. म्हणून ‘विनाकारण’ या एका क्रियाविशेषणाची चिकित्सा ही केवळ भाषांतराची चर्चा राहत नाही.

प्रश्न किती मोठा आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. प्रसूतीनंतरच्या मानसिक विकारांचे तीन स्तर मानण्याचा प्रघात आहे. पहिल्या आठवड्यात येणारे रडू आणि हळवेपणा निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अनुभवाला येतो आणि तो बहुधा दोन आठवड्यांत ओसरतो. दुसऱ्या टोकाला सूतिकोन्माद; हजार प्रसूतींमागे एक-दोन स्त्रियांना होणारा हा तीव्र विकार तातडीच्या उपचाराचा विषय आहे. या दोहोंच्या मधला स्तर नैराश्याचा. भारतातील ३८ अभ्यासांचा आणि त्यांतील २०,०४३ स्त्रियांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के, म्हणजे पाच बाळंतिणींत एकीहून थोडे अधिक, असे आढळले. ब्रिटनमध्ये मातांच्या मृत्यूंची जी गोपनीय चौकशी होत असते, तिच्या अहवालांत प्रसूतीनंतर सहा आठवडे ते एक वर्ष या काळातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या अग्रभागी आहे. प्रश्न चुकीचा विचारला जाणे म्हणजे काय, याची कल्पना यावरून येईल.

२

दोष दाखविण्यापूर्वी गुणांची नोंद करणे न्यायाचे होईल. आणि मापिकेचे गुण खरोखर लहान नाहीत.

पहिला गुण असा की तिने शरीरलक्षणे हेतुपूर्वक वगळली. थकवा, भूक मंदावणे, झोप तुटणे ही इतर प्रसंगी नैराश्याची लक्षणे मानली जातात. परंतु बाळंतिणीच्या बाबतीत ती रोजची वस्तुस्थिती असते. झोपेविषयीचे जे एक विधान मापिकेत आहे, तेही सावधपणे रचलेले आहे. झोप लागत नाही काय, असे न विचारता मन इतके दुःखी आहे काय की त्यामुळे झोप लागणे कठीण झाले, असे त्यात विचारले आहे. बाळाच्या रडण्याने मोडणारी झोप आणि मनाच्या दुखण्याने उडणारी झोप यांतील भेद कर्त्यांनी परिणामदर्शक उपवाक्याच्या साहाय्याने साधला. आपल्याकडे हाच भेद ‘बाळ निजलं तरी माझा डोळा लागत नाही’ अशा वाक्याने होईल. आणि कित्येक बायका तो न विचारता अशाच शब्दांत सांगतात.

दुसरा गुण अधिक महत्त्वाचा आहे. मापिकेने बाळंतिणीला प्रथमपुरुषात बोलण्याची जागा दिली. आपल्या दवाखान्यांत नेहमी दिसणारे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. बाळंतीण एकटी येत नाही; सोबत सासू, आई, नवरा किंवा नणंद असते. डॉक्टर विचारतात तिला, उत्तर देते सासू : ‘जेवत नाही. बाळाला जवळ घेत नाही. नुसती भिंतीकडे बघत बसते.’ सारी वाक्ये तृतीयपुरुषी आणि नकारार्थी. जी समोर बसली आहे तिच्याविषयी ती तेथे नसल्यासारखे बोलले जाते. अशा स्थितीत जिची बहुतेक विधाने ‘मी’ पासून निघतात असा एक कागद तिच्या हाती देणे, ही भाषेच्या दृष्टीने मोठीच घटना आहे.

बहुतेक विधाने, असे वर म्हटले, सर्व नव्हेत. मूळ इंग्रजी विधानांची कर्तृपदे तपासली तर आठ विधानांत ‘मी’ हा कर्ता आहे आणि दोन विधानांत तो कर्तेपदावरून दूर झालेला आहे. सहाव्या विधानात कर्ता आहे ‘गोष्टी’ : त्या तिच्यावर चढून बसत आहेत, अशा अर्थाचा रूढ वाक्प्रचार तेथे योजला आहे. दहाव्या विधानात कर्ता आहे ‘विचार’ : स्वतःस इजा करण्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला काय, अशी तेथील पृच्छा आहे. म्हणजे जेथे भार असह्य होतो आणि जेथे जिवावर बेतते, नेमक्या त्या दोन ठिकाणी इंग्रजी वाक्यातील ‘मी’ कर्म किंवा स्थान होतो. कर्त्यांनी हे जाणूनबुजून केले असे म्हणण्यास आधार नाही. सहज बोलण्याच्या भाषेशी ते प्रामाणिक राहिले आणि भाषेने आपले काम केले.

मराठीत मात्र ही रचना अपवाद नसून नियम आहे. ‘मला वाईट वाटते’, ‘मला भीती वाटते’, ‘मला रडू येते’, ‘मला झोप लागत नाही’ : मनोव्यापाराच्या वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत असते आणि कर्तेपदी भावना असते. साध्या खंतीलाही हीच रचना आणि घोर दुःखालाही हीच. त्यामुळे इंग्रजीत रचनाबदलाने जे सुचविले जाते, ते मराठीत अन्य मार्गाने सुचवावे लागते. तो मार्ग आपल्या भाषेत आहे. ‘मी रडते’ आणि ‘मला रडू येते’ यांत इच्छाधीनतेचा भेद आहे. ‘हसणे’ आणि ‘हसू येणे’ यांतही तोच. मापिकेचे पहिले विधान हसण्याच्या क्षमतेविषयी आहे. ‘तुम्ही हसता का’ असे विचारल्यास बहुतेक सुना ‘हो’ म्हणतील, कारण चारचौघांत हसणे हे कर्तव्य असते. ‘तुम्हाला हसू येतं का’ हा प्रश्न निराळा आहे आणि येथे तोच अभिप्रेत आहे. शब्दशः भाषांतर करणाऱ्याच्या हातून हा भेद सहज निसटतो.

सहाव्या विधानाचे मराठी काय करावे, हे पदव्युत्तर वर्गात विचारले असता ‘डोक्यावरून पाणी गेलं’, ‘सगळं अंगावर येतंय’, ‘हाताबाहेर गेलं’ आणि ‘मला काही झेपत नाही’ अशी उत्तरे आली. पहिले उत्तर सहनशीलतेचा अंत सांगते आणि त्यात रागाची छटा आहे. तिसऱ्यात परिस्थितीचे वर्णन आहे, मनाचे नाही. दुसरे मूळ रचनेस जवळचे आहे. चौथे मूळ रचना पूर्णपणे सोडून देते, परंतु ओटीवर पडल्या पडल्या एखादी बाळंतीण जे खरोखर बोलेल ते तेच. चौथे उत्तर एका विद्यार्थिनीचे होते. तिने ते आपल्या वहिनीच्या तोंडून ऐकलेले होते.

३

आता ‘विनाकारण’ कडे वळू. तिसरे विधान असे की काही बिघडले असता मी गरज नसताना स्वतःस दोष दिला. चौथे : पुरेसे कारण नसताना मी काळजीत किंवा अस्वस्थ होते. पाचवे : तसे विशेष कारण नसताना मी घाबरले किंवा गांगरले. या तिन्ही विधानांचा आशय येथे मराठीत सांगितला आहे. रूपांतर म्हणून तो योजू नये.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर या तिन्ही ठिकाणी एका वाक्यात दोन विधाने गुंफलेली आहेत. एक, भावना घडली. दोन, तिला पुरेसे कारण नव्हते. उत्तर मात्र एकच मागितले आहे. ‘नाही’ या उत्तराचा अर्थ ‘भीती वाटली नाही’ असाही होतो आणि ‘भीती वाटली, पण तिला कारण होते’ असाही. गुण मोजणाऱ्यास हे दोन नकार वेगळे करता येत नाहीत. जिला कसलीही भीती नाही ती, आणि जिचा नवरा दारू पिऊन रोज हात उगारतो म्हणून जी दाराच्या कडीचा आवाज ऐकताच दचकते ती, दोघींच्या पुढे शून्य पडते.

अपराधभावाचे विधान याहूनही अडचणीचे आहे. नैराश्याच्या आजारात दोषभावना जितकी तीव्र, तितकी ती रुग्णाला खरी वाटते. ‘दूध येत नाही हा माझाच दोष’ असे जिला मनापासून वाटते, तिच्या दृष्टीने तो दोष अनाठायी नसतोच. ‘गरज नसताना दोष दिला काय’ या प्रश्नास ती ‘नाही’ म्हणेल, आणि तिच्यापुरते ते खरे असेल. आपला दोष अनाठायी आहे हे ओळखण्याइतकी जी सावध आहे तीच येथे गुण मिळविते. सर्वांत आजारी असलेली सुटून जाण्याचा संभव असलेला हा प्रश्न आहे.

थोडा हिशेब मांडून पाहावा. या तीन विधानांचे जास्तीत जास्त गुण नऊ. त्यांस नकार दिल्यास उरतात एकवीस. म्हणजे कारण असलेल्या स्त्रीने तेराची मर्यादा गाठण्यासाठी उरलेल्या सात विधानांत तेरा गुण मिळवावयाचे. कारण नसलेल्या स्त्रीला तेच तेरा दहा विधानांत मिळतात. त्यातही पहिली दोन विधाने तुलनेची आहेत : पूर्वीइतके हसता येते काय, पूर्वीइतका पुढच्या गोष्टींचा आनंद वाटतो काय. जिच्या वाट्याला पूर्वीही हसणे फारसे आले नाही, तिने ‘पूर्वीइतकेच’ म्हटले तर तेही खरेच.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वाचणारी स्त्री वाक्याचे व्याकरण करीत बसत नाही. ती त्याचा रोख पकडते. ‘विनाकारण’ हा शब्द ती कानाआड करते आणि भीती वाटली एवढे सांगून टाकते. मापिका इतक्या भाषांत आणि इतक्या देशांत उपयोगी पडली, याचे एक कारण हेच असावे. हे तीन प्रश्न मिळून चिंतेची एक स्वतंत्र उपमापिका होते असे पुढील अभ्यासकांनी दाखविले आहे, म्हणजे ते निष्फळ नाहीत. हे सर्व मान्य आहे. परंतु रोख पकडणारी वाचक म्हणजे कागद हाती घेऊन एकटी वाचणारी स्त्री. जेथे प्रश्न मोठ्याने वाचून दाखविले जातात, तेथे शब्द कानाआड होत नाहीत. आशाताई अंगणात बसून विचारतात, ‘उगाच काळजी वाटते का हो तुम्हाला?’ आणि आतल्या खोलीत सासूबाई ऐकत असतात. ‘उगाच’ ला ‘हो’ म्हणणे म्हणजे आपण उगाच काळजी करणारी बाई आहोत असे कबूल करणे. ‘नाही’ म्हणणे म्हणजे काळजीला कारण आहे असे सुचविणे, आणि ते कारण बहुधा त्याच घरात असते. दोन्ही उत्तरांना किंमत द्यावी लागते. अशा वेळी ‘तसं काही नाही’ हे तिसरे उत्तर येते. मराठी बायकांच्या तोंडचे हे वाक्य किती वेळा ऐकू येते याचा अनुभव प्रत्येकाला असेल. मापिकेत मात्र त्याला शून्य गुण आहेत.

४

भावनेचे कारण कोणी सांगावयाचे, हा प्रश्न स्त्रियांच्या मनोविकारचिकित्सेत नवीन नाही. प्राचीन ग्रीक वैद्यकाने तो गर्भाशयावर सोपविला; ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून निघाला. १८५८ साली पॅरिसमध्ये लुई-व्हिक्टर मार्से यांनी गरोदर, प्रसूत आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या वेडाविषयी ग्रंथ लिहिला आणि या विकारांना प्रथमच सलग अभ्यासाची प्रतिष्ठा मिळाली. उतारवयातील स्त्रियांच्या खिन्नतेस एका काळी ‘इन्व्होल्यूशनल मेलँकोलिया’ असे स्वतंत्र नाव होते. रजोनिवृत्ती हेच जणू तिचे कारण, असा त्या नावाचा ध्वनी होता. १९८० साली अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीतून ते नाव गेले. त्या वयातील नैराश्य हे इतर वयांतील नैराश्याहून वेगळ्या जातीचे आहे, असे अभ्यासांतून दिसले नव्हते. पाळीपूर्वीच्या तीव्र मनोविकाराला त्याच पुस्तिकेने १९८७ साली परिशिष्टात आणि २०१३ साली मुख्य यादीत स्थान दिले. स्त्रीच्या रागाला आजार ठरविण्याची ही सोय आहे, असा आक्षेप त्यावर अनेकींनी घेतला. तर जिला दर महिन्याला हा त्रास होतो तिचे म्हणणे अखेर ऐकले गेले, असे दुसऱ्या कित्येकींनी म्हटले. त्या निदानासाठी किमान दोन पाळीचक्रांत रुग्णेने स्वतः रोजची नोंद ठेवावी असा दंडक आहे, आणि तो स्वागतार्ह आहे. कारण त्यात पुरावा तिच्या हातचा असतो.

या इतिहासात दोन टोके दिसतात. एका टोकाला कारण आधीच ठरलेले : गर्भाशय, ऋतुचक्र, वय. दुसऱ्या टोकाला कारणाचा अभाव हीच आजाराची खूण. पहिल्यात स्त्रीला कारण विचारण्याची गरज नाही. दुसऱ्यात तिने कारण सांगितले की आजार नाहीसा होतो. दोहोंतही तिने स्वतः सांगितलेल्या कारणाला जागा उरत नाही.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. शरीराचा वाटा नाकारण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. प्रसूतीबरोबर स्त्रीसंप्रेरकांची पातळी एकदम उतरते. द्विध्रुवी विकार पूर्वी झालेल्या स्त्रीला सूतिकोन्मादाचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो. अशा वेळी कारणांची चर्चा करीत न बसता रुग्णालय गाठणे हेच शहाणपणाचे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून अशा मातांना बाळासह दाखल करून घेण्याचा स्वतंत्र विभाग आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दाखल झालेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सामान्यतः वेगळे करू नये असा नियम केला. आपला विषय आहे तो मधल्या, संख्येने मोठ्या आणि सहसा घरीच राहणाऱ्या स्त्रियांचा.

५

या स्त्रियांविषयी आपल्या प्रदेशातील सर्वांत बोलका पुरावा गोव्यातून आला. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी २७० गर्भवतींची गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत नोंद करून प्रसूतीनंतरही त्यांचा मागोवा घेतला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत नैराश्य आढळले आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. बहुतेकींचा त्रास गरोदरपणीच सुरू झालेला होता. दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही कारणे ठळक होती. बाळ मुलगी असणे हे इतर कारणांचा परिणाम वाढविणारे ठरले.

याच संशोधनाचा दुसरा भाग भाषेच्या अभ्यासकाला अधिक मोलाचा वाटेल. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात मातांशी केलेल्या दीर्घ संभाषणांचे विश्लेषण आहे. या माता आपले दुःख तपशिलाने सांगत होत्या, परंतु त्याला आजार म्हणत नव्हत्या. त्यांच्या बोलण्यात ते दुःख पैशाच्या ओढाताणीतून, नवऱ्याच्या वागण्यातून, घरच्या कामाच्या भारातून येत होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने ते विनाकारण नव्हते. संशोधकांनी कोकणीत विचारले आणि पूर्ण ऐकून घेतले, म्हणून हे समजले. केवळ गुणांची बेरीज केली असती तर तिच्यात कारणे दिसली नसती, कारण ती लिहावयास कागदावर जागाच नव्हती.

पुढे गोव्यातच स्थानिक मातांना शिकवून त्यांच्याकरवी गर्भवतींना आधार देण्याचा प्रयोग झाला. २८० स्त्रियांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. लाभ माफक, परंतु खरा होता. भेटीस जाणाऱ्या या मातांना ‘सखी’ म्हणत. समुपदेशक, कार्यकर्ती किंवा ताई यांहून हा शब्द वेगळा आहे. ‘ताई’ ला उत्तर द्यावे लागते. ‘सखी’ ला सांगता येते. ज्यांनी हे नाव निवडले त्यांना भाषेची जाण होती.

६

मराठीजवळ या दुःखासाठी शब्द आहेत काय, हा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो. गरोदरपणातील मनाला आपल्या भाषेने आणि संस्कृतीने मान दिला आहे. ‘डोहाळे’ हा संस्कृत ‘दोहद’ पासून आलेला शब्द. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला ‘दौहृदिनी’, म्हणजे दोन हृदयांची, म्हटले असून तिच्या इच्छा पुरवाव्या असे सांगितले आहे. गर्भवतीने काही मागणे हे लाजिरवाणे नसून त्यासाठी ओटी भरण्याचा समारंभ होतो. प्रसूतीनंतर शेकशेगडी, तेल लावणे, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती आणि पहिल्या खेपेस माहेर, अशी शरीराची व्यवस्थाही आहे. परंतु ‘ओल्या बाळंतिणी’च्या मनासाठी डोहाळ्यांसारखा मानाचा शब्द नाही. जे शब्द आहेत ते ‘बाळंतवात’ किंवा ‘बाहेरचं लागलं’ असे आहेत; त्यांतून भय व्यक्त होते, तिचे म्हणणे नाही. गर्भ पोटात असेपर्यंत तिच्या मनाला ऐकणारे असतात आणि मूल मांडीवर आले की ते संपतात, असे शब्दसंग्रहावरून दिसते.

शास्त्रीय शब्दांचीही स्थिती समाधानकारक नाही. ‘डिप्रेशन’ साठी रूढ झालेला ‘नैराश्य’ हा शब्द आशेच्या अभावापासून बनला आहे. बाळंतिणीला ‘तुला नैराश्य आले आहे’ असे म्हटल्यास घरच्यांच्या कानी पडते ते ‘तिची निराशा झाली’. आणि पाळण्यात मुलगी असेल तर त्या निराशेचा अर्थ लगेच लावला जातो. ‘अवसाद’, म्हणजे खाली बसणे, खचणे, हा शब्द अर्थाने जवळचा, पण पुस्तकी. बोलण्यातला ‘खचणे’ हा धातूच बहुधा सर्वांत योग्य : ‘बाळंतपणात ती खचली’ या वाक्यात कोणावर आरोप नाही.

खरी संपत्ती आहे ती देहाच्या आणि जिवाच्या वाक्प्रचारांत. ‘अंगात त्राण नाही’, ‘छातीत धडधडतं’, ‘अंगावरून पांढरं जातं’. यांपैकी शेवटच्या तक्रारीविषयी गोव्यातीलच एका मोठ्या पाहणीत, २००५ साली, असे दिसून आले की तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मानसिक क्लेशांशी अधिक आहे. एडिंबरो मापिकेने देहाची लक्षणे वगळली ती योग्य कारणासाठी. परंतु आपल्या बायकांचे मन ज्या भाषेत बोलते ती भाषाच त्यामुळे बाहेर राहते.

‘जीव’ या शब्दाचा विचार तर प्रत्येक रूपांतरकाराने केलाच पाहिजे. मापिकेचे दहावे विधान सर्वांत जोखमीचे. त्याचे ‘जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का’ असे मराठी सहज सुचते. ‘बरंवाईट’ या द्वंद्वात ‘बरं’ केवळ आडपडद्यासाठी आहे, अर्थ वाईटाचाच. हा आडपडदा विचारणाऱ्याची सोय करतो आणि सांगणारीला ‘छे, तसलं काही नाही’ म्हणण्याची वाटही देतो. उलट मराठीत मृत्यूच्या इच्छेच्या पायऱ्या स्वच्छ आहेत : ‘जीव रमत नाही’, ‘जीव नकोसा झालाय’, ‘मरण आलं तर सुटेन’, ‘जीव द्यावासा वाटतो’. पहिल्या तिघींत ती काही करीत नाही. चौथीत इच्छार्थक रूप येते आणि ती करू पाहते. विचारणाऱ्या व्यक्तीस या पायऱ्या ठाऊक असतील तर एकीवरून दुसरीकडे हळूहळू जाता येते. ‘विहीर जवळ करणे’ हा वाक्प्रचार बायकांच्या संदर्भातच का रुळला, याचा विचार ज्याने केला आहे त्याला या प्रश्नाची निकड वेगळी सांगावी लागणार नाही.

७

या विवेचनातून तीन सूचना निघतात. पहिली : तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या विधानांतील भावना आणि कारण यांची फारकत करावी. ‘भीती वाटते का’ हा एक प्रश्न. ‘कशाची’ हा दुसरा, गुणांच्या बाहेरचा आणि उत्तर जसेच्या तसे लिहून घेण्याचा. असे केल्याने मूळ मापिकेशी तुलना थोडी अवघड होईल आणि नव्या मांडणीची पडताळणी पुन्हा करावी लागेल, हे उघड आहे. तो श्रम घेण्यासारखा आहे. दुसरी : रूपांतर करताना ‘रडणे’ आणि ‘रडू येणे’, ‘हसणे’ आणि ‘हसू येणे’ यांसारखे व्याकरणातील भेद जाणकाराकडून तपासून घ्यावेत. उलट भाषांतर करून मूळाशी ताडून पाहण्याची जी पद्धत रूढ आहे तिच्याने हे भेद पकडले जात नाहीत, कारण इंग्रजीत परतताना दोन्हींचे रूप एकच होते. तिसरी : प्रश्न मोठ्याने विचारावयाचे असतील तर कोठे, कोणाच्या देखत आणि कोणत्या संबोधनाने, हे प्रश्नावलीचाच भाग मानावे.

यांपैकी पहिल्या सूचनेचा निर्णय वैद्यकाचा आहे. दुसऱ्या दोहोंत भाषाविभागांना काम आहे, आणि ते आजवर आपण आपले मानले नाही. आरोग्यखात्याचे नमुने, संमतिपत्रे, प्रश्नावल्या यांचे भाषांतर हे कारकुनी काम समजून सोडून दिले जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील बाळंतिणी आपली अवस्था कोणत्या शब्दांत सांगतात याचा संग्रह केला, तर तो बोलीच्या अभ्यासाला उपयोगी पडेलच. शिवाय उद्या एखादी आशाताई योग्य शब्द उच्चारील आणि समोरची बाई ‘तसं काही नाही’ म्हणण्याऐवजी काही सांगेल.

एडिंबरो मापिकेच्या कर्त्यांनी बाळंतिणीच्या तोंडी ‘मी’ दिला, हे त्यांचे ऋण आहे. त्या ‘मी’ पुढे ‘कारण’ हा शब्द तिला स्वतः भरता यावा, एवढेच आता उरले आहे.